बैलाचा दाखला आणि कबड्डीपटूचा गुडघा

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत यात्रांचा हंगाम सुरू झाला की गावोगावच्या वेशींवर दोन प्रकारची पत्रके झळकू लागतात. एका पत्रकात बैलगाड्यांचा घाट कोणत्या दिवशी भरणार, पहिल्या क्रमांकाला काय इनाम, याची माहिती असते. दुसऱ्यात कबड्डीचे सामने व कुस्त्यांचा आखाडा यांची. दोन्ही खेळ अंगमेहनतीचे, दोन्हींत इजा होण्याचा संभव मोठा, आणि दोन्हींवर या भागातील माणसाचे प्रेम सारखेच उत्कट. परंतु या दोन खेळांत आज एक विलक्षण फरक पडला आहे. घाटात उतरणाऱ्या बैलाला आधी पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. त्याच यात्रेतल्या मैदानावर उतरणाऱ्या महाविद्यालयीन मुलाला मात्र संघाच्या यादीत नाव आणि प्रवेशशुल्क यांपलीकडे कोणताही कायदा काहीही विचारीत नाही.

हा फरक कोणी दुष्टपणाने निर्माण केलेला नाही, आणि बैलाच्या वाट्याला आलेली सुरक्षितता कमी करावी असे सुचविण्याचाही येथे हेतू नाही. तथापि एकाच मातीत, एकाच यात्रेत हे घडते कसे, याचा शोध घेतला तर खेळातील सुरक्षिततेच्या नियमांविषयी बरेच काही उमगते. नियम कागदावर कसा येतो, मैदानावर कसा उतरतो आणि त्याचा खर्च शेवटी कोणाच्या अंगावर पडतो, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. कबड्डीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच समाधानकारक आहे, दुसऱ्याचे अर्धेमुर्धे, आणि तिसरा तर कोणी विचारलेलाच नाही.

बैलगाडा शर्यतीचा इतिहास अलीकडचा आणि सर्वांच्या परिचयाचा असल्याने तो थोडक्यात सांगितला तरी पुरे. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी खेळात प्रदर्शन व प्रशिक्षण करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील शर्यतींवरही बंदी कायम केली. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, तीही उच्च न्यायालयात अडली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांच्या अधीन राहून शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरविले. मधल्या काळात आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडी येथे १ जानेवारी २०२२ रोजी योजलेली शर्यत करोनाच्या निर्बंधांमुळे आयत्या वेळी रद्द झाली, तेव्हा गाडामालकांचा जो विरस झाला त्याची आठवण या भागात अजून ताजी आहे.

या दहा वर्षांच्या झगड्यातून जे नियम आले ते मात्र लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहेत. जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. आयोजकाने पन्नास हजार रुपये अनामत ठेवावी. धाव १००० मीटरपेक्षा अधिक लांबीची नसावी. चाबूक, काठी, विजेचा धक्का देणारे साधन वापरू नये. बैलाची तपासणी पशुवैद्यकाने केलेली असावी. नियम मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास. ज्या मूळ कायद्याची ही दुरुस्ती, त्या १९६० च्या कायद्यात प्राण्याला क्रूरतेने वागविल्याबद्दल पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पाच लाखांच्या आकड्याचे वजन कळते. पन्नास रुपयांचा दंड ही परवान्याची फी असते. पाच लाखांचा दंड हा खराखुरा दंड असतो.

घाटात प्रत्येक बारीला हे सर्व नियम तंतोतंत पाळले जातात असे कोणीही म्हणणार नाही. परंतु नियमाने एक गोष्ट निर्विवादपणे साधली. बैलाच्या इजेची जबाबदारी बैलावर किंवा नशिबावर न राहता ती आयोजकाच्या नावे मांडली गेली. अनामत त्याची, अर्ज त्याचा आणि दंडही त्यालाच.

पकडीचे नियम

आता कबड्डीकडे वळावे. हा खेळ महाराष्ट्राने केवळ खेळला नाही, तर त्याला नियमांची शिस्त लावली. निरनिराळ्या प्रांतांत हुतूतू, हूडूडू, चेडुगुडू अशा नावांनी खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे प्रमाणित नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील क्रीडासंस्थांनी बसविले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो परदेशी प्रेक्षकांपुढे सादर केला. पुढे शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्यांच्या खटपटीने तो आशियात पोहोचला, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला पदकांच्या खेळाचे स्थान मिळाले.

कबड्डीतील सारे नाट्य चढाई आणि पकड या दोहोंत सामावलेले आहे. त्यातही प्रेक्षक ज्यासाठी मैदानाच्या रेषेपर्यंत सरकत येतो ती पकड. एकट्या चढाईपटूवर सात जणांनी झडप घालणे, घोटा धरून त्याला खेचणे, मांडीला विळखा घालणे, साखळीने कोंडणे आणि तो मध्यरेषेकडे हात लांबवीत असता त्याला मातीत दाबून धरणे, हे सारे मुळातच धसमुसळे आहे. यात इजा होऊ नये अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे पावसात भिजू नये अशी अपेक्षा बाळगण्यासारखे आहे. प्रश्न असतो तो कोणती इजा खेळाचा भाग समजावी आणि कोणती समजू नये, हा. नियमकर्त्यांनी या प्रश्नाला फार पूर्वीच भिडण्याचे धाडस दाखविले, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे.

नियमपुस्तक म्हणते, चढाईपटूला हातपाय किंवा धड याखेरीज शरीराच्या दुसऱ्या भागाला जाणूनबुजून धरता येणार नाही. म्हणजे मान नाही आणि केसही नाहीत. त्याचा दम तोडण्यासाठी तोंड दाबता येणार नाही, गळा आवळता येणार नाही. पायांची कात्री घालून त्याला अडकविता येणार नाही. इजा होईल अशी दांडगाईची पकड करता येणार नाही. नखे कापलेली हवीत, अंगाला तेल लावलेले चालणार नाही. नियम मोडणाऱ्याला पंच प्रथम हिरवे कार्ड दाखवून ताकीद देतो, पिवळे दाखवून दोन मिनिटे बाहेर बसवितो आणि लाल दाखवून सामन्यातूनच काढतो.

या प्रत्येक वाक्यामागे कोणाचा तरी मोडलेला दात, कोणाची तरी लचकलेली मान असणार, हे उघड आहे. दम हा या खेळाचा प्राण. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ असा उच्चार करीत राहायचे आणि तो तुटला की चढाई संपली. तेव्हा दम लवकर तुटावा म्हणून तोंडावर हात ठेवण्याचा मोह बचाव करणाऱ्याला होणे स्वाभाविकच. नियमाने तो मोह मोडून काढला, आणि त्यामुळे पकडीचे शास्त्र वरून खाली सरकले. मान आणि तोंड वर्ज्य झाल्यावर घोटा, गुडघा, मांडी आणि कंबर यांवरील पकडींना बहर आला. आज ज्या घोट्याच्या पकडीला प्रेक्षक टाळ्या देतात, तिच्या वैभवाला हा निषेधही कारण झाला असावा. नियम खेळाला मवाळ करतात ही तक्रार जुनी आहे. येथे तरी नियमाने खेळाला अधिक कौशल्याचे केले, असे म्हणावे लागते.

मात्र सर्वच बदल एकाच दिशेने झाले नाहीत. जुन्या छापील नियमांत प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम रेषेबाहेर ढकलण्यास मनाई होती. २०१४ साली व्यावसायिक कबड्डी लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर धावत येऊन खांद्याने दिलेली धडक हे खेळाचे एक प्रमुख आकर्षण ठरले. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्यास तिसरी निर्णायक ठरू लागली, म्हणजे त्या चढाईत गुण घ्यायचा किंवा बाद व्हायचे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना पकड साधली तर ती अव्वल पकड आणि तिला एक गुण अधिक. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नियमपुस्तकाचे एक पान दांडगाईवर कर बसविते आणि दुसरे पान धाडसी पकडीला अनुदान देते. कर आणि अनुदान एकाच वस्तूवर असले की शेवटी ज्याची रक्कम मोठी त्याच्या बाजूने वर्तन झुकते. येथे एका बाजूला कदाचित दिसेल असे हिरवे कार्ड आहे आणि दुसऱ्या बाजूला हमखास मिळणारा जादा गुण. बचावपटू काय निवडील, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

यात लीगला दोष देण्याचे कारण नाही. तेथे खेळाडूच्या मागे वैद्य, व्यायामतज्ज्ञ, मालीश करणारे असा ताफा असतो. त्याच्या शरीरात मालकाने पैसा गुंतविलेला असतो, आणि गुंतविलेल्या पैशाची काळजी घेणे मालकाला परवडते. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणाचा २८–२५ असा पराभव करून विजेतेपद मिळविले, तेव्हा मंचर-नारायणगावच्या मुलांनी तो सामना डोळ्यांत साठविला असणार. अडचण अशी की ही मुले पडद्यावरची धडक उचलतात. पडद्यामागचा वैद्य त्यांच्याबरोबर येत नाही.

अमेरिकेतील धडा

महाविद्यालयीन खेळ, दांडगी पकड आणि सुरक्षिततेचे नियम यांचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतील फुटबॉलमध्ये झाला आहे. तो आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा खेळ आहे. त्यात चेंडू हातात घेऊन धावायचे आणि प्रतिपक्षाने त्याला अंगावर झेपावून पाडायचे, असा तो आपल्या कबड्डीला अधिक जवळचा आहे. १९०५ सालच्या हंगामात त्या खेळात मैदानावर इतके मृत्यू झाले की खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली. त्यामुळे माणसांचा घोळका फुटला आणि खेळ पांगला. आज त्या देशातील महाविद्यालयीन खेळांवर देखरेख करणारी संस्था जन्मली ती त्याच घडामोडीतून.

त्यानंतरचा प्रसंग अधिक उद्बोधक आहे. डोके वाचावे म्हणून कठीण शिरस्त्राणे आली. ती आल्यावर खेळाडू डोकेच शस्त्रासारखे वापरू लागले, कारण आता ते दुखत नव्हते. १९६८ या एका वर्षात त्या देशात सर्व स्तरांवरील फुटबॉलमध्ये ३६ खेळाडू डोक्याच्या व मानेच्या इजांनी दगावले. १९७६ साली डोके पुढे करून धडकण्यास बंदी झाली, शिरस्त्राणांसाठी मानके ठरली, प्रशिक्षकांना पकड नव्याने शिकवावी लागली, आणि १९९० साली मैदानावरील आघाताने एकही मृत्यू झाला नाही. पुढे मेंदूला बसणाऱ्या लहानसहान धक्क्यांचे दूरगामी परिणाम ध्यानात आले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला लक्ष्य करणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूला २०१३ पासून सामन्यातून बाहेर काढले जाऊ लागले. प्रेक्षक कुरकुरले, जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली, पण मैदाने ओस पडली नाहीत.

शिरस्त्राणाच्या या गोष्टीत जे घडले त्याचे सूत्र शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्झमन यांनी १९७५ साली मोटारींच्या संदर्भात मांडले होते. मोटारीत सुरक्षेची साधने बसविली की चालक अधिक बेदरकार होतो, आणि त्यामुळे साधनांनी होणारा लाभ जवळजवळ सगळाच वाया जातो, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच्या प्रमाणाविषयी विद्वानांत वाद झाले, पण मूळ मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

कबड्डीतील मॅटला हा मुद्दा नेमका लागू पडतो. मातीवरून मॅटवर खेळ आला तो प्रगती म्हणून, आणि ती प्रगती आहेच. मातीत खरचटते, खडे लागतात, धूळ नाकातोंडात जाते. मॅटवर अंग टाकायला भीती वाटत नाही. परंतु भीती वाटत नाही म्हणूनच झेप लांब जाते आणि धडक जोरात बसते. शिवाय मातीवर अनवाणी पाय घसरतो; मॅटवर बुटाचा तळ जागच्या जागी चिकटतो, वरचे शरीर मात्र वळत असते, आणि तो सारा पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. घोटा धरलेला, तळ चिकटलेला आणि वरून तिघांचे वजन, अशा अवस्थेत सांध्याचे काय होते हे समजायला शरीरशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाही. खरचटलेले आठवड्यात भरून येते. गुडघ्यातील स्नायुबंध तुटला तर शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांची विश्रांती.

त्यातच आपल्याकडील महाविद्यालयीन खेळाडूला दोन जगांत वावरावे लागते. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. सराव आणि यात्रेतले सामने मात्र बहुधा मातीवरच. मातीवर घडलेला पाय मॅटवर उतरला की त्याचे आडाखे चुकतात. मॅट महाग असल्याने ग्रामीण महाविद्यालयाने ती विकत घेऊन नीट ठेवणे सोपे नाही. येथे सुरक्षितता ही नियमाची बाब राहत नाही, ती भांडवलाची बाब होते.

जोखीम कोणाची?

आंबेगाव तालुक्याचे ज्यावरून नाव पडले ते आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. घोडेगावच्या पश्चिमेस डोंगर चढत भीमाशंकरपर्यंत जावे तसतशी शेती आखडत जाते. भात, हिरडा आणि मजुरी यांवर घरे चालतात. पूर्वेस मंचर, कळंब, नारायणगावकडे कुकडी आणि घोड यांच्या पाण्याने ऊस, टोमॅटो, कांदा यांची समृद्धी आली. महाविद्यालयाच्या कबड्डीसंघात मात्र ही दोन्ही जगे शेजारी उभी असतात. बागायतदाराच्या मुलाला कबड्डी हा छंद असू शकतो. डोंगराकडच्या मुलाला ती बहुधा नोकरीची अर्जी असते.

हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका यांचे कबड्डीसंघ ही तर अनेक पिढ्यांची वाट आहे. तेव्हा आंतरविद्यापीठ किंवा राज्यस्तरीय स्पर्धेचे प्रमाणपत्र हे या मुलाच्या दृष्टीने एखाद्या एकराच्या सातबारासारखे असते. अशा मुलाचे शरीर हेच त्याचे एकमेव भांडवल, आणि त्या भांडवलाचा विमा नाही. परिणामी तो जे करतो ते तर्काला धरूनच असते, जरी ते धोक्याचे असले तरी. तो दुखणे लपवितो. सुजलेल्या घोट्याला पट्टी बांधून उतरतो. डोक्याला मार लागून क्षणभर भोवळ आली तरी हात हलवून ‘काही नाही’ म्हणतो, कारण त्या दिवशी बाहेर बसणे म्हणजे कदाचित निवड हुकणे. ज्या व्यवस्थेत इजा सांगणाऱ्याचे नुकसान होते आणि लपविणाऱ्याचा फायदा, त्या व्यवस्थेत इजांची नोंद कधीच खरी असणार नाही. पालक, प्रशिक्षक आणि प्राचार्य यांना जे आकडे दिसतात ते लपविल्यानंतर उरलेले आकडे असतात.

मुलींच्या संघांविषयी तर बोललेच जात नाही. त्यांचे मैदान तेरा बाय दहा मीटरऐवजी बारा बाय आठ मीटरचे, पण पकड तीच आणि माती तीच. मुलगी जायबंदी झाली तर पुन्हा खेळायला घरून परवानगी मिळेल की नाही, ही एक निराळीच जोखीम तिच्या वाट्याला येते. तेव्हा तिला दुखणे लपविण्याचे कारण मुलाहून एक अधिकच असते.

या सर्वांत वाईट घडते ते क्वचित, पण घडते. २०२२ च्या जुलैत तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात पनरुटीजवळ एका ग्रामीण स्पर्धेत चढाई करणारा महाविद्यालयीन तरुण खाली पडला, पकडीसाठी झेपावलेल्या प्रतिस्पर्ध्याचा गुडघा त्याच्या छातीवर बसला आणि तो पुन्हा उठला नाही. त्या पकडीत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. लाल कार्ड दाखवूनही तो प्रसंग टळला नसता. अशा वेळी नियमपुस्तकापेक्षा मैदानाच्या कडेला कोण उभे आहे आणि वाहन किती दूर आहे, यालाच महत्त्व असते. मंचरहून पुणे सुमारे साठ किलोमीटर, जुन्नरहून नव्वदच्या पुढे. मेंदूच्या किंवा मणक्याच्या गंभीर इजेवर उपचार मिळायचे तर बहुधा त्याच रस्त्याने जावे लागते, आणि चाकणच्या वाहतुकीत रुग्णवाहिकेची काय अवस्था होते हे या रस्त्याने रोज नोकरीला जाणाऱ्यांना सांगायला नको.

येथे आयोजकांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. गावची यात्रा कमिटी किंवा तरुण मंडळ वर्गणी काढून सामने भरविते. त्यांच्यावर डॉक्टर, वाहन, विमा अशी ओझी टाकली तर सामनेच बंद पडतील, आणि मुलांना खेळायला मिळते तेवढेही मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे असते. ते पोकळ नाही. परंतु हीच हाकाटी बैलगाड्यांच्या बाबतीतही झाली होती. पन्नास हजारांची अनामत, पशुवैद्यकाची तपासणी, जिल्हाधिकाऱ्यांचे हेलपाटे यांनी गरीब गावांच्या शर्यती संपतील, असे बोलले गेले. शर्यती संपल्या नाहीत. उलट २०२२ नंतर इनामे मोटारसायकलींवरून थेट ट्रॅक्टर आणि माती उकरणाऱ्या यंत्रांपर्यंत गेली. घाटाला लागलेला पैसा पाहता कबड्डीच्या कडेला एक वाहन उभे करणे अशक्य आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पैशाचा तुटवडा आहे खरा, पण तो कोणत्या रकान्यात आहे हेही पाहावे लागते. विजेत्या संघाच्या रोख इनामातून दहावा हिस्सा बाजूला काढला तर त्या दिवसाची रुग्णवाहिका आणि प्रथमोपचार जाणणारा एक माणूस एवढा खर्च बऱ्याच ठिकाणी भागावा.

पंचांच्या बाबतीतही असेच आहे. ‘दांडगाईची पकड’ म्हणजे नेमके काय, हे नियमपुस्तक पंचाच्या निर्णयावर सोडते, आणि ते बरोबरच आहे. परंतु यात्रेतल्या सामन्यात पंच हा गावातलाच, समोर दोन्ही बाजूंचे पाठीराखे, ध्वनिक्षेपकावर निवेदकाचा आरडाओरडा. अशा वेळी पिवळे कार्ड खिशातून काढायला जे बळ लागते ते नियमाने मिळत नाही. मागे संस्था उभी असल्यानेच मिळते. पंचाला दुसऱ्या तालुक्यातून आणावे, त्याचे मानधन जिल्हा संघटनेमार्फत द्यावे, एवढी साधी व्यवस्थाही पकडीचा दांडगेपणा पुष्कळ कमी करील.

आणखी एक आक्षेप असा घेतला जातो की बैल मुका आहे, त्याची संमती घेता येत नाही म्हणून कायद्याने त्याचे रक्षण करावे लागते. मुलगा तर जाणता आहे, तो आपल्या खुशीने मैदानात उतरतो. हा युक्तिवाद पुस्तकात बिनतोड दिसतो. परंतु ज्याच्यापुढे नोकरीचा दुसरा रस्ता नाही, ज्याला इजेचा खर्च ठाऊक नाही, आणि जो वयाने अठरा-एकोणीस वर्षांचा आहे, त्याच्या खुशीला किती वजन द्यायचे? खाणीत उतरणारा मजूरही खुशीनेच उतरे. तरीही खाणमालकावर कायद्याने जबाबदारी टाकावी लागली, आणि त्यावेळीही खाणी बंद पडतील असे सांगणारे होतेच.

महाविद्यालयांच्या हातात तर यात्रा कमिटीपेक्षा अधिक साधने आहेत. शुल्काच्या पावतीवर जिमखाना हा रकाना वर्षानुवर्षे छापला जातो आणि खेळात कधीही न उतरणारे शेकडो विद्यार्थीही तो भरतात. मोठ्या समुदायाकडून थोडी रक्कम घेऊन थोड्यांची मोठी जोखीम भागवायची, यालाच विमा म्हणतात. तो रकाना मुळात या कामासाठीच घडविल्यासारखा आहे. सध्या त्यातून गणवेश, चेंडू, जाण्यायेण्याचे भाडे आणि वार्षिक स्नेहसंमेलनातील ढाली येतात. त्याच पैशातून हंगामाच्या आरंभी तालुक्याच्या डॉक्टरकडून प्रत्येक खेळाडूची तपासणी होऊ शकते. डोक्याला मार लागलेल्याने त्या दिवशी पुन्हा उतरायचे नाही, हा नियम प्रशिक्षकाच्या मर्जीवर न सोडता लेखी करता येतो. जायबंदी खेळाडूची संघातली जागा त्या हंगामापुरती राखून ठेवता येते, म्हणजे दुखणे लपविण्याचे मुख्य कारणच नाहीसे होते. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींना तर पैसाही लागत नाही. प्राचार्यांच्या सहीचे एक परिपत्रक पुरते, आणि ते आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे वेळापत्रक लागण्यापूर्वी निघायला हवे.